चक्कीपुढची खुर्ची

गरम पिठाचा वास आला की मला फुलचूरची ती गल्ली आठवते. आम्ही दोघा मित्रांनी टेम्पोवर चक्की बसवून दारोदारी दळण सुरू केलं होतं. पत्रकं वाटली, भोंगा लावला, पण कोणी दार उघडेना. ‘उतरवून टाकू चक्की,’ मित्र म्हणाला. तेवढ्यात एक मावशी डबा घेऊन आल्या आणि ‘माह्या गव्हात दुसऱ्याचे मिसळले त?’ म्हणत भररस्त्यात खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसल्या. येणारा-जाणारा थांबून विचारी, ‘मावशी, इथं काऊन बसून राहिली वं?’ मावशी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत, वर चिमूटभर गरम पीठ हुंगायला देत. दुपारपर्यंत डब्यांची रांग लागली. आज आमच्या गाड्या गोंदियाभर फिरतात, पण नव्या गाडीत चक्कीच्या आधी खुर्ची चढते.