एस्तेरसिस्टरांनी सोडलेला खर्रा

शाळेच्या स्टाफरूममध्ये सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा माझ्या नवऱ्याचा, प्रमोदचा फोन आला. "आई गेली," एवढंच तो बोलला. माझ्या सासूबाई आठवडाभर धंतोलीतल्या दवाखान्यात होत्या. हृदय थकलं होतं, आणि डॉक्टरांनी आम्हाला तसं सांगूनही ठेवलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. पेपर आवरले, शेजारच्या बाईंना वर्गाचं सांगितलं आणि रिक्षात बसले. बसल्यावर डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मनात आलं, आता दानिएलमामांचं काय होणार... सासू गेल्याच्या दिवशी सुनेला सासूच्या भावाची काळजी पडावी हे कुणाला विचित्र वाटेल. पण आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या मनात त्या दिवशी तोच प्रश्न होता.

आईंना वस्तीत सगळे एस्तेरसिस्टर म्हणत. धंतोलीच्याच एका दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सचं काम केलं होतं. सासरे लवकर गेले, तेव्हा प्रमोद लहान होता, आणि घर त्यांच्या पगारावरच उभं राहिलं. मी नगरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या बाईंची मला भीतीच वाटायची. आवाज खणखणीत, चाल भरभर, घरातही वॉर्डात फिरावं तशा फिरायच्या. चर्चच्या भगिनी मंडळात त्यांचा शब्द चालायचा. दारूवर बोलायला उभ्या राहिल्या की मागच्या बाकांवरचे पुरुष माना खाली घालायचे. त्यांचे वडील दारूनं गेले होते, त्यामुळे तो विषय त्यांच्यासाठी नुसता बोलण्याचा नव्हता.

आणि याच बाईंच्या गालात सकाळ-संध्याकाळ खर्रा असायचा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून बनवलेला, नागपुरात कुठल्याही पानठेल्यावर मिळणारा. उपासनेला निघण्यापूर्वी त्या नळावर चूळ भरायच्या, एक लवंग चावायच्या आणि घरी परतल्या की पदर सोडण्याआधी पुडी उघडायच्या. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कुणीतरी पहिल्यांदा हातावर ठेवला होता, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. गालाचा कर्करोग होऊन जबडा काढलेल्या माणसांची ड्रेसिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. एकदा धीर करून मी विचारलं, "आई, तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी...?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मालूम आहे मनूनच विचारू नको वं." मी पुन्हा विचारलं नाही.

दानिएलमामा त्यांचे धाकटे भाऊ. मौद्याच्या वीज प्रकल्पावर कंत्राटदाराकडे वेल्डिंग करायचे. उंच, सावळे, हसरे, आणि ढोलक अशी वाजवायचे की उपासनेत लहान मुलं बाकांवरून उठून पुढे जायची. दारू आधी पगाराच्या दिवशी होती, मग शनिवारी, मग रोजची झाली. कामावरून त्यांना काढलं. मुलीच्या लग्नात, चर्चमध्ये, तिला हात धरून वेदीपर्यंत न्यायचं होतं, तेव्हा हे पहिल्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेले. शेवटी प्रमोदनं तिला नेलं. त्यानंतर मामी भंडाऱ्याला मुलीकडे निघून गेल्या, आणि मामा एक पिशवी घेऊन आमच्या दारात येऊन उभे राहिले. आईंनी त्यांना आत घेतलं, जेवायला वाढलं आणि मागच्या खोलीत खाट टाकून दिली. मी मनात म्हटलं, आता या घरात रोज तमाशा होणार.

तमाशा असा झाला नाही. मामा शांतपणे प्यायचे आणि शांतपणे झोपायचे. एका रविवारी दुपारी मात्र बहीण-भावाचं जुंपलं. मी ओट्यापाशी बसून भिवापूरच्या मिरच्यांची देठं काढत होते. आई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मामा बाहेर जायला निघाले तसा त्यांनी पाय आडवा घातला.

"कुठी चालला गा दान्या? आज प्रभूचा दिवस आहे."

"प्रभूनंच तर लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला होता, बाई." मोठ्या बहिणीला मामा बाई म्हणत. "मंग मी घोटभर घेतला तं काय पाप झालं?"

"त्यानं काहून केला होता, ते सांग ना! लग्नघराची लाज जाऊ नये मनून केला. अन् तू? सोताच्या पोरीच्या लग्नात तिले लाजवलं. त्याचं नाव काहून घेऊन राहिला?"

मामांचा चेहरा उतरला. मग मान वर करून त्यांनी बहिणीच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं. "अन् तुया तोंडात काय आहे वं बाई? मन्ना आहे काय? देवानं खायले आभाळातून पाडला?"

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. आईंनी आडवा घातलेला पाय मागे घेतला. मामा निघून गेले. आई उठून नळावर गेल्या आणि चूळ भरून आल्या.

पुढचे काही दिवस खर्रा चालू होता, पण पुडी उघडताना पाठ फिरवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "शास्त्रात तंबाखू कुठी लिवला नाही, सुनीता. मी पुरं पाहून घेतलं." मी म्हटलं, "हो, आई." त्या म्हणाल्या, "हो काय मनते? तुले बी समजते अन् मले बी समजते." असं स्वतःशीच भांडण चाललं होतं त्यांचं.

एका सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. केस मोकळे, डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "ऐक. मी रोज सकाळी उठली की प्रार्थना करतो, असं साऱ्याले सांगत आली. आज डोये उघडले तवा मी माया हातावर ध्यान ठेवलं. हात उशीखालच्या पुडीकडे गेला. प्रार्थना मंग आठवली. इतके वर्षं असंच होऊन राहिलं असन, मले पत्ताच नाही. आता तूच सांग, माया मालक कोण? प्रभू का पन्नी?"

त्यांना माझं उत्तर नकोच होतं. "दारू खराब, खर्रा बरा, असं काही नसते वं. लिवलं आहे का नाही, हेबी नाही पाहावं. जे मले उठवते, बसवते, ज्याच्यासाठी मी खोटं बोलतो, ते माया देवाच्या जागी बसलं. ख्रिस्ती मानसानं तेवढं तरी पाहावं लागते." मग चहाचा कप घेऊन त्या थेट मागच्या खोलीत गेल्या आणि मामांची चादर ओढली. "ऊठ. मी आजपासून सोडतो. तू सोडतो का?"

मामा डोळे चोळत म्हणाले, "तुयानं नाही होत, बाई."

"तुयानं बी नाही होत. मनून तं संगं सोडू."

पण त्या नर्स होत्या. पिणाऱ्या माणसानं एकाएकी दारू बंद केली तर जीवावर बेतू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच दिवशी त्या मामांना ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि मामा काही दिवस दवाखान्यात राहिले. चर्चच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, औषधं कशाला, उपास-प्रार्थनेनं सुटेल. आई त्यांना म्हणाल्या, "प्रार्थनाबी करू अन् गोळ्याबी घेऊ. दोन्ही त्याच्याच हातचं आहे."

मामांची काळजी घ्यायला डॉक्टर होते. आईंची मीच होते. त्या दिवसांत आमच्या घरात भांडी जोरात आपटायची. डोकं दुखायचं, भाजीत मीठ कमी पडलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. बडीशेप चावून चावून त्यांचे ओठ सोलले होते. एकदा त्या चपला घालून पानठेल्याच्या दिशेनं निघाल्या आणि कोपऱ्यावरून परत आल्या. मी दारातून बघत होते. त्या माझ्यावरच ओरडल्या, "काय पाहून राहिली? गेली नाही ना मी!" आणि मग ओसरीवर बसून रडल्या. एवढ्या कणखर बाईला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. सासू-सून म्हणून आमचं जे काही पुढे जमलं, ते त्या दुपारी जमलं असं मला आजही वाटतं.

भगिनी मंडळात त्यांनी उभं राहून साक्ष दिली. दारूवर बोलताना माझ्या तोंडाला खर्ऱ्याचा वास यायचा आणि तो मी लवंगेनं झाकायची, असं सगळ्यांसमोर सांगितलं. सभा संपल्यावर एक बाई कुजबुजल्या, "सिस्टर, हे चारचौघीत सांगायला नको होतं. लोकांचा विश्वास जातो." आई म्हणाल्या, "माह्यावर ठेवू नका ना, मनून तं सांगितलं." त्यानंतर गंमत अशी झाली, की ज्या बाया त्यांच्या भाषणाला घाबरायच्या त्याच एकेक करून घरी येऊ लागल्या. कुणाचा दातांना लावायच्या तंबाखूचा, गुडाखूचा, नाद सुटत नव्हता, कुणाच्या मुलाला दिवसरात्र मोबाइलवरच्या जुगाराचा नाद लागला होता, एका बाईला झोपेच्या गोळ्यांशिवाय डोळा लागत नव्हता. आई कुणालाच प्रवचन देत नसत. आधी चहा द्यायच्या आणि डॉक्टरांचं नाव सांगायच्या.

मामा पहिल्याच नाताळात घसरले. मंडळी घरोघरी गाणी म्हणत फिरली, मामांनी गळ्यात ढोलक अडकवून सगळी वस्ती जागवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी घरच्या मेजवानीतून झुलत परत आले. आईंनी दार उघडलं. मामा भिंतीला धरून म्हणाले, "मोडला मी करार. आता तूबी खाऊन घे, बाई. फिटंफिट."

आईंच्या कपाळावरची शीर उडत होती. मला वाटलं, आता हात उगारतील. त्यांनी मामांचा दंड धरला, खाटेवर नेऊन बसवलं, बूट काढले. "तू मोडला तं तुया मोडला. माया काहून मोडू? मी काय तुले देलं होतं वचन? ज्याले देलं, तो कुठी मोडून राहिला?" एवढं बोलून त्या लिंबूपाणी करायला गेल्या. मामा उशीत तोंड खुपसून पडले होते. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि त्यानंतर मामांनी दारूला हात लावला नाही. जवळच त्यांनी एक खोली घेतली, ग्रिल-गेट बनवायचं छोटं काम सुरू केलं. काही वर्षांनी भंडाऱ्याहून मामी परत आल्या. लेक यायला लागली, नातू खांद्यावर बसू लागला. पण रोज संध्याकाळी मामा आमच्याकडे यायचेच. बहीण प्रार्थना करायची, ते डोळे मिटून बसायचे, आणि मग दोघं चहा पीत शेजाऱ्यांच्या कागाळ्या करायचे.

म्हणून ती भीती होती. दफनाच्या वेळी मामा कबरीपाशी अगदी स्थिर उभे होते, मूठभर माती टाकली, कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर ते आमच्याकडे आलेच नाहीत. प्रमोद दोनदा जाऊन आला. मामी म्हणाल्या, "घरी आहेत, पण बोलत नाहीत. संध्याकाळी एकटेच कुठीतरी जातात." कुठे जातात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा धीर कुणालाच होत नव्हता.

तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर ते आले. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, दाढी केलेली. मामी मागे. मी पाणी दिलं, आणि देताना, खरं सांगते, त्यांच्या श्वासाचा अंदाज घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं. मंद हसले.

"विचार ना, सुनबाई. भेते काहून?"

ते खुर्चीत टेकले. "गेलो होतो मी. दुकानासमोर. एक डाव नाही, चार-पाच डाव गेलो. रस्त्याच्या या बाजूले उभा राहो. तहान तं अशी लागे, का काय सांगू..." मामींनी खाली मान घातली होती, पण त्या उठल्या नाहीत. "मंग ध्यानात आलं, इतके वर्षं प्रार्थना बाईच करे. मी नुसता आमेन मने. तिच्याच भरोशावर चाललं होतं माह्यं. आता कोण करन? मंग तठीच उभं राहून मीच केली. शब्द बी धड येत नोते. गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या होत्या. झाली कशीबशी, अन् आमेन मनाले बी कोणी नोतं, तेबी मीच मनलं." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "घरी आलो मंग. परवापासून तिकडे गेलो नाही."

प्रमोद उठून आत गेला. मला त्याचं नाक ओढण्याचा आवाज ऐकू आला. मी पानं वाढली. वरण-भात, वांग्याची भाजी, पापड. सगळे बसलो. जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरात नेहमी आईच करत. त्या गेल्यापासून आम्ही दोघं नवरा-बायको मान खाली घालून क्षणभर थांबायचो आणि जेवायला लागायचो. त्या दिवशीही तसेच थांबलो होतो. तेवढ्यात मामांनी घसा खाकरला. हात जोडले, डोळे मिटले आणि अडखळत अडखळत, मधेच शब्द शोधत, अन्नासाठी, घरासाठी, आपल्या बहिणीसाठी देवाचे आभार मानले. फार वेळ लागला. वरण निवलं. कुणी हललं नाही.

त्यांचं झालं तेव्हा आम्ही सगळे एकदम, जरा मोठ्यानंच, आमेन म्हणालो.