हमीदभाईंच्या फोटोतलं आभाळ

"ताई, अब्बा गेले... सकाळीच." हमीदभाईंची मुलगी नसरीन फोनवर एवढंच बोलली. मी त्या दिवशी माहेरी, हदगावला होते. लातूरला पोचले तोवर दफन उरकलं होतं. हमीदभाईंचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

लातुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गावोगावची पोरं शिकवण्यांसाठी शहरात येऊ लागली आणि स्टुडिओत दिवसभर अर्जावरच्या फोटोंची रांग लागायची. माझी चित्रकला शिक्षिकेची नोकरी सुटली होती, म्हणून मी तिथं संगणकावरच्या कामाला लागले. रविवारी मात्र ते मला शिवारात न्यायचे. डोंगर, तळी, करडईची शेतं असे फोटो काढायचे आणि सोमवारी ते नीट करायला मला बसवायचे. पहिल्याच फोटोत मी सगळं चित्र उजळ केलं. आभाळ पुसल्यासारखं झालं, काळी माती राखाडी दिसू लागली. ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यावर उजेड कशाला ओतून राहिलीस, बेटा? झाडाखालचं दिसंना, तर झाडाखालीच हात लाव. अन् बघणाऱ्याला तुझा हात दिसू देऊ नको."

हे ते कुठून शिकले, ते त्यांनी फार उशिरा सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर काही महिन्यांनी त्यांनी एका पडलेल्या गावाचा फोटो काढला होता. प्रदर्शनासाठी छापताना त्यांनी आभाळ मुद्दाम काळंकुट्ट केलं. लोकांनी वाहवा केली. मग त्याच गावच्या गंगाबाई आल्या आणि फोटोपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे आमचं गाव न्हाई," त्या म्हणाल्या.

"तेच हाय, मावशी."

"मग आभाळ काळं कशानं केलं? तिथं ऊन हाय. ज्वारी हिरवी हाय. माझ्या दोन लेकी तिथंच गेल्या, मी रोज जाऊन बसते. तुमी तर मसणवाट केली."

हमीदभाईंनी फोटो तिथंच भिंतीवरून उतरवला. घरी येऊन तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापली. आभाळ होतं तसं स्वच्छ ठेवलं. फक्त छापायच्या कागदावर प्रकाश पडताना, कडुलिंबाच्या सावलीवर पुठ्ठ्याचा तुकडा हलवत धरला. कागदावर उजेड कमी पडला की छाप उजळ येतो; तेवढीच जागा उजळली आणि गंगाबाईंच्या घराचा उंबरा दिसू लागला. तो फोटो घेऊन ते त्यांच्या पत्र्याच्या शेडवर गेले. "तिनं उंबऱ्यावर बोट ठेवलं," ते मला म्हणाले, "मग मला बसायला पोतं टाकलं..."

शेवटच्या दोन वर्षांत साखरेनं त्यांची नजर नेली. तरी रोज येऊन माझ्याशेजारी बसायचे. "सांग, काय दिसतंय?" मी सांगत जायचे, ते ऐकून कुठं किती हात लावायचा ते सांगायचे. एकदा गिऱ्हाइकाच्या हट्टापायी मी डोंगरावरची संध्याकाळ भडक लाल केली होती. त्यांनी विचारलं, "लाल किती हाय?"

"होती तेवढीच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं का, हे आता कुणाला विचारू?

परवा तो फोटो मी पुन्हा उघडला. लाल उतरवत उतरवत खऱ्या संध्याकाळच्या रंगापर्यंत आणला. पायथ्याच्या बाभळींखाली थोडासाच उजेड दिला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी मी मोठ्यानं सांगत गेले... डोंगर निळसर हाय, हमीदभाई. लाल अगदी कडेला, बोटभर. बाभळींखाली पायवाट हाय, आता दिसून राहिली.