नळीतला झेंडू

घरात बंदूक असली की तिथे काहीतरी थरारक घडत असणार, असं लोकांना वाटतं. आमच्या घरात अठरा वर्षं दुनळी बंदूक होती. एकदाही उडाली नाही. किस्से मात्र एवढे साचले की कपाटात बंदुकीपेक्षा त्यांनाच जास्त जागा लागावी!

हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वडीगोद्रीच्या एका बँकेत बंदूकधारी रक्षक म्हणून लागले. तशीच नोकरी करणारे त्यांचे दोन दोस्त. शहागडचे शेखभाई आणि मूळचे केदारखेड्याचे खरात. दर रविवारी सकाळी तिघं आपापल्या बंदुका घेऊन आमच्या ओट्यावर साफसफाईला बसायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मांडीवर वह्या, बाजूला चहाची किटली, आणि कान त्यांच्याकडे.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. पुढचा रविवार ओट्यावर उजाडलाच नाही.

परवाना त्यांच्याबरोबरच संपला. बंदूक ठाण्यात जमा करायची, नाहीतर वारस म्हणून माझ्या नावावर परवाना मागायचा. हे ठरवायला महिन्याभरात एका रविवारी दोघं आले.

"वहिनी, तुमच्या नावावर करून घ्या," खरात म्हणाले. "ठाण्यात पडून पडून गंजून जाईल."

बंदुकीचा मला काही उपयोग नव्हता. पण अठरा वर्षं यांचे हात फिरले होते तिच्यावर. ती गेली की यांच्या हातचं घरात काय उरणार, एवढंच मनात होतं. मी चहा ओतला. मग ठरायचं राहिलं बाजूला, आणि किस्से निघाले.

*

पहिला माझ्या साड्यांचा. नळी पुसायला मऊ सुती कापड लागतं. माझी एकेक जुनी साडी गायब व्हायला लागली. एकदा तर नवी इरकल चिंध्यांच्या डब्यात सापडली! मी ओट्यावर येऊन जाब विचारला. हे मान खाली घालून तेल लावत बसले. खरातांनी मात्र उठून कडक सलाम ठोकला.

"वहिनी, देशाच्या संरक्षणात तुमचाबी वाटा हाय!"

*

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. बँकेच्या रक्षकांना सूट असते, पण तिचं पत्र यावं लागतं. एका निवडणुकीत यांचं पत्रच आलं नाही. बंदूक ठाण्यात आणि हे बँकेच्या दारात, हातात काठी!

एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, "हवालदार, बंदूक कुठं गेली?"

"आचारसंहिता लागली, आजी."

आजी पेन्शन न काढताच मागे फिरली. "मंग चोरालाबी लागली का न्हाई, ते आधी इचारून ठेव. मंग येते मी!"

*

शेजारच्या गावातल्या एका नव्या पुढाऱ्याला बंदुकीचा परवाना हवा होता. अर्ज कसा भरायचा ते विचारायला तो आमच्या ओट्यावर आला. सोबत दोन माणसं, गळ्यात साखळी. हे चष्मा लावून अर्ज भरायला बसले.

"जिवाला धोका कोणापासून?"

पुढारी विचारात पडला. सोबतच्यांकडे पाहिलं. त्यांनाही सुचेना.

"सध्या न्हाई कुणी," तो म्हणाला. "पण आता राजकारणात आलोय म्हणल्यावर निघंलच की! तुम्ही तेवढी जागा रिकामी सोडा."

*

खरात फौजेत असताना शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेले होते. तिथे लढाई थांबली होती आणि लोकांकडून हत्यारं गोळा करायचं काम चाललं होतं. एके दिवशी एक उंच, हडकुळा माणूस आला. बंदूक टेबलावर ठेवली आणि दुभाष्याला म्हणाला, "मला पावती नको."

खरातांच्या वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. लहानपणापासून त्यांनी पाहिलेलं, बंदूक दिली की पावती घ्यायची आणि जपायची. ते हट्टालाच पेटले. "न्हाई न्हाई, पावती घ्याच! निवडणूक झाली की परत न्यायला लागंल ना!"

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब धावत आला. "खरात, ह्या बंदुका परत द्यायच्याच नाहीयेत!"

"त्या माणसाचं तोंड बघायला पाहिजे होतं," खरात सांगतात. "हसून राह्यला होता. पहिल्यांदाच हसला असंल बिचारा."

खरं-खोटं त्यांनाच ठाऊक!

*

शेखभाईंचा जावई अमेरिकेत. एका रविवारी तो दुकानातून व्हिडिओ कॉलवर आला. मागे भिंतभर बंदुका टांगलेल्या, पलीकडच्या रांगेत मासे पकडायचे गळ. तिघं मोबाइलवर वाकले.

"घ्यायची तर काय लागतं?" खरातांनी विचारलं.

"ओळखपत्र. एक फॉर्म. थोडी चौकशी होते. पुष्कळदा त्याच दिवशी मिळते."

"पोलीस पाटलाचा दाखला?"

"नाही."

"ठाण्याचा अहवाल? कलेक्टर हपिसातल्या चकरा?"

"मामा, इथे तसं काही नसतं."

"मंग सह्या करतं कोण ह्या देशात!"

सगळे हसले. तेवढ्यात शेखभाईंची सात वर्षांची नात पडद्यावर आली. शाळेत काय शिकलीस, असं मी सवयीने विचारलं. कोणी बंदूक घेऊन आलं तर बाकाखाली आवाज न करता कसं बसायचं, ते तिने खाली बसून दाखवलं. तोंडावर बोट ठेवून.

शेखभाई म्हणाले, "बेटा, इधर आ जा. इधर बेंच के नीचे बच्चे सिर्फ डब्बा खाते."

त्या रविवारी तिघांनी बंदुका लवकरच खोळीत घातल्या. रात्री जेवताना हे एवढंच म्हणाले, "माझी न उडता परत गेली म्हणजे झालं."

*

शेवटी खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजा असायची. हे बंदुकीला हळदकुंकू लावायचे आणि नळीच्या तोंडात टपोरा झेंडू खोचायचे. शेखभाई आपली बंदूक शेजारी ठेवून म्हणायचे, "भाभी, मेरी वाली को भी एक फूल लगा देव." खरात लांब बसायचे. "मी पूजा करत न्हाई. पुरणपोळीला माझा विरोध न्हाई!"

पत्र न आलेली ती निवडणूक दसऱ्याला लागूनच आली होती. घाईत हे खोळीसकट बंदूक घेऊन ठाण्यात गेले. तिथला जमा वस्तूंची नोंद ठेवणारा मुद्देमाल कारकून कागदाला फार पक्का माणूस. त्याने नळीत डोकावून पाहिलं.

"हवालदार, हे काय?"

"पूजेचं फूल हाय, साहेब. काढून टाका."

"जे आलं ते लिहावं लागतं," म्हणत त्याने पावतीवर लिहिलं : एक दुनळी बंदूक, फुलासह.

निवडणूक संपल्यावर बंदूक परत मिळाली. वर कागदाच्या पुडीत वाळलेला झेंडू! "मिळाला म्हणून सही करा."

*

हा किस्सा ऐकून दोघं पोट धरून हसले. मीही. महिन्याभरात पहिल्यांदाच. हसू ओसरलं तसं मी म्हणाले, "जमा करू."

"पक्कं?" खरातांनी विचारलं.

"न उडता परत जावी, असं म्हणाले होते हे!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर रजा टाकली. दोघं सोबत आले. ठाण्यात तोच कारकून होता, केस पांढरे झालेले. त्याने परवाना पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

दसऱ्यापासून बंदुकीची खोळ कोणी उघडली नव्हती. त्याने ती उघडली. नळीत डोकावला. थांबला. मग चिमटीने, पाकळी तुटणार नाही अशा बेताने, नळीच्या तोंडातून वाळका झेंडू बाहेर काढला आणि कोऱ्या कागदावर ठेवला.

शेखभाई दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

कारकुनाने कागदाची पुडी बांधली, माझ्यासमोर ठेवली आणि पावती लिहायला घेतली. लिहून झाल्यावर वाचून दाखवली, तशी त्याची पद्धतच होती.

"एक दुनळी बंदूक, जमा. फूल एक, वारसास परत. बाई, इथं सही करा."