सापळ्याला लावलेला हिंग

तिसरी कोंबडी गेली त्या सकाळी माझं डोकंच फिरलं. शॉमबर्ग उपनगराच्या बरंच पुढे, मक्याच्या शेताला लागून घर घेतलं तेव्हा लेकीच्या हट्टापायी पाच कोंबड्या आणल्या होत्या. आता दोन उरल्या होत्या, आणि खुराड्याजवळ पिसं. नवरा म्हणाला, "देऊन टाकू कुणाला तरी, यार. विषय संपला."

"माझ्या दारात येऊन माझ्या कोंबड्या खातो आणि मी गप्प बसू? त्या कोल्ह्याला धरल्याशिवाय सोडत नाही!" मी म्हटलं. नागपूरची आहे मी. एकदा डोक्यात राख घातली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

कुत्र्याचा विचार तेव्हा करायला हवा होता. अकरा वर्षांचा होता तो, लेकीच्याही आधी घरात आलेला. ती पहिलं पाऊल टाकताना त्याच्याच पाठीला धरून उभी राहिली होती. मी फोडणी केली आणि हिंगाचा वास सुटला की असेल तिथून उठून यायचा आणि माझ्या पायावर बूड टेकून बसायचा. वरणभाताचा पहिला घास त्याचा. डॉक्टर नको म्हणायचे, पण आमच्याकडे ऐकतंय कोण!

शेजारचे गोरे अमेरिकन आजोबा लहानपणापासून कोल्हे धरत आलेले. लायसन्स कसं काढायचं ते त्यांनीच सांगितलं आणि दोन जुने लोखंडी सापळे दिले.

"हा मारत नाही, फक्त पाय धरून ठेवतो," ते म्हणाले.

"मग?"

"मग सकाळी तू येतेस. पुढचं तुला करावं लागतं."

हे मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सापळे उकळायचे, पण साबण लावायचा नाही. रबरी हातमोजे घालायचे. जमिनीला गुडघा टेकायचा नाही, माणसाचा वास राहतो. एक छोटं बीळ करायचं, त्याच्या तोंडाशी सापळा पुरून वर चाळलेली माती पसरायची आणि बिळात वासाचं औषध घालायचं. त्यांनी औषधाची बाटली उघडली आणि मला हसूच फुटलं. "अहो, हा तर हिंग!"

"जुने लोक घालतातच त्यात," ते म्हणाले. हसले नाहीत. "पण वास सगळ्यांनाच बोलावतो. कुत्रा बांधून ठेव."

मी त्यांना उलट आमच्या अंगणाचं कौतुक सांगितलं. अंगणाभोवती जमिनीत तार पुरलेली, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेला की शॉक बसतो. पिल्लू असताना एकदा बसला होता, त्यानंतर खारीमागेसुद्धा त्याने ती हद्द ओलांडली नव्हती. सापळा हद्दीबाहेर, शेताच्या बांधावर. काळजी कसली?

"आई, डोन्ट. प्लीज," लेक म्हणाली. मी तिलाच रागावले.

चार दिवस काही झालं नाही. रोज पहाटे कोल्ह्याची पावलं दिसायची, सापळ्यापासून वीतभर अंतरावर थांबलेली आणि वळून गेलेली. मला वाटायचं, मेला मला हसतोय. खुराड्यातल्या दोघी बाहेर येईनात. कुत्राही हल्ली दारात उभा राहून शेताकडे बघत गुरगुरायचा, आणि मी त्याला म्हणायचे, "गप रे, तुला काय कळतंय?"

पाचव्या दिवशी बाटली संपली. आजोबा मुलाकडे गेले होते. मी स्वयंपाकघरात गेले, सासूबाईंनी पाठवलेला खडा हिंग कुटला आणि वास नीट पसरावा म्हणून कढत तुपात घातला. कोल्ह्यासाठी चक्क फोडणी केली मी! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती बिळात ओतली, घरात आले आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले.

शाळेच्या बसमधून उतरून लेक आत आली. "व्हेअर इज ही?"

कुत्र्याचं पाण्याचं भांडं भरलेलं. जिन्याखाली नाही, सोफ्यावर नाही. मग आठवलं, मीटिंग चालू असतानाच मी त्याला अंगणात सोडलं होतं. मी मागचं दार उघडलं. बारीक बर्फ भुरभुरून गेला होता आणि त्यावर त्याची पावलं स्पष्ट उमटली होती. तारेपर्यंत गेलेला, मागे फिरलेला. पुन्हा गेलेला, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा मात्र पावलं सरळ पलीकडे गेली होती. अकरा वर्षांत न ओलांडलेली हद्द त्याने शॉक खाऊन ओलांडली होती.

बांधाकडून आवाज येत होता. भुंकणं नव्हे, दार उघडा म्हणून तो जसा कुईकुई करायचा, तसा.

मी दिसताच त्याने शेपूट हलवलं. पुढचा पाय सापळ्यात, आणि तोंडाला माझं तूप. लेकीने त्याचं डोकं कुशीत घेतलं. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे मी सापळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगपट्ट्यांवर पाय देऊन उभी राहिले, पण बर्फाने ओले झालेले बूट दोनदा घसरले. दोन्ही वेळा तो किंचाळला. तिसऱ्यांदा सापळा उघडला.

डॉक्टरांनी दोन बोटं काढली. सापळे मी परत केले. आजोबांनी ते घेतले आणि खुंटीला टांगले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता मी फोडणी केली की तो उठतो, लंगडत जिना चढतो आणि लेकीच्या पलंगाखाली जाऊन बसतो. ती वरणभाताची वाटी घेऊन वर जाते. माझ्या हातून तो खात नाही.