फरशीखालचा पारा

जूनमध्ये अकरावीच्या पहिल्या तासाला कांबळे मॅडम हातात पुस्तक न घेता कापराची वडी घेऊन येत. ती प्रयोगशाळेतल्या कपाटावर, उघड्या बशीत ठेवत आणि त्या दिवशी तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बशी रिकामी झालेली असे. मग त्या विचारत, "कुठे गेला?"

कुणी म्हणे उडाला, कुणी म्हणे संपला.

"संपत काही नाही. त्याचा एकेक कण सुटत गेला आणि आपण सगळ्यांनी तो श्वासाबरोबर आत घेतला. दिसला नाही, एवढंच."

वर्ग हसायचा. मॅडम हसत नसत.

लोणी काळभोरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघी भौतिकशास्त्र शिकवत होतो. त्या वारज्याहून रोज अख्खं पुणं ओलांडून येत, तरी कॉलेजात सगळ्यांच्या आधी पोचत. पदार्थाचे कण कधीच स्वस्थ नसतात, हा त्यांचा सर्वांत लाडका धडा. स्टाफरूममध्ये दुपारी पेंगणाऱ्या एका सरांना त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "अहो, तुमच्यापेक्षा ते टेबल जास्त हालचाल करतंय."

मग एका वर्षी त्यांचं फळ्यावरचं अक्षर बदललं. मोठं, गोल अक्षर बारीक होत गेलं आणि रेघा थरथरू लागल्या. चहाला लोखंडाची चव येते, असं त्या म्हणत आणि अर्धा कप तसाच ठेवत. कधी आवाज न चढवणारी ही बाई क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडू लागली आणि नंतर एकटी बसून रडू लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, दगदग कमी करा.

जानेवारीत प्रयोगशाळेतलं लाकडी कपाट सरकवताना त्याखालची एक फरशी उचकटली. बारावीचा सरावाचा तास चालू होता. मॅडम वाकल्या आणि तशाच थांबल्या. फरशीखालच्या मातीत चंदेरी थेंब चमकत होते. वर्षानुवर्षं फुटलेल्या तापमापकांतला, वायुभारमापकांतला पारा फटींतून झिरपून खाली साठला होता. मॅडमचं टेबल त्या कपाटाला लागूनच होतं.

"मुलांनो, दप्तरं राहू द्या. आधी बाहेर चला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. मला मात्र त्यांच्याकडे पाहवेना, कारण त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

प्राचार्य आले. "मॅडम, बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय. सुट्टीत साफ करून घेऊ. इतकी वर्षं कुणाला काही झालं का?"

मॅडमनी आपला उजवा हात त्यांच्यासमोर धरला. बोटं थांबत नव्हती.

"हे झालं," त्या म्हणाल्या. "तो पारा तिथे नुसता पडून नाहीये, सर. त्याचे कण रोज सुटताहेत आणि त्यांना सुट्टी नसते."

त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. रागावलेले पालक आले, संस्थेचे लोक आले. मॅडम सगळ्यांना तेच तेच समजावत राहिल्या. अखेर प्रॅक्टिकल दुसऱ्या कॉलेजात झालं आणि ती खोली खणून साफ करण्यात आली. तपासणीत मॅडमच्या शरीरात पारा निघाला. मूत्रपिंडंही बिघडली होती. त्यांनी नोकरी सोडली.

आम्हा सगळ्यांना तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. मला तर काहीच होत नव्हतं, म्हणून ते राहून गेलं.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला वारज्याला गेले. मॅडम फार वाळल्या होत्या. बोलताना शब्द शोधावे लागत होते, नजर मात्र तशीच धारदार होती. मी चहाचा कप खाली ठेवला, तेव्हा बशी किंचित वाजली. त्यांनी बोलणं थांबवलं.

"गोखले मॅडम, हात पुढे करा. बोटं पसरा."

मी हात पुढे केला. त्यांनी मासिकातलं एक पान फाडून माझ्या बोटांवर अलगद ठेवलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. पानाची कड बारीक थरथरत होती.

"वाऱ्यानं हलत असेल," मी म्हणाले.

"पंखा बंद आहे," कांबळे मॅडम म्हणाल्या.