होदानचा चेहरा

आयली कांगसला फिका फोटो खपायचा नाही. तरुणपणी ती वेंडेलच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत प्रिंट धुवायची. कॉम्प्युटर आला तसा हात माउसवर गेला, पण आवड तीच राहिली. मिनेसोटातल्या त्या गावात बर्फावर हॉकी खेळणाऱ्या संघांचे फोटो तिच्याच हातून जायचे. ती बिनधास्त कॉन्ट्रास्ट चढवायची, उजळ ते आणखी उजळ, गडद ते आणखी गडद. बर्फ लख्ख, जर्सी लालभडक. लोक खूश असायचे.

एका शनिवारी सहरा नावाची बाई मुलींच्या संघाचा फोटो घेऊन आली. तिनं मागच्या रांगेतल्या गोलकीपरवर बोट टेकवलं.

"ही माझी होदान. माझ्या आईनं विचारलं, पोरीनं तोंड का झाकलंय म्हणून."

आयलीनं चष्मा पुसून पाहिलं. हेल्मेट होदानच्या हातातच होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग.

"बर्फावर असंच होतं हो," वेंडेल आतून म्हणाला. "कॅमेरा तरी काय करणार?"

"बाकीच्यांचे दातसुद्धा दिसतायत," सहरा शांतपणे म्हणाली.

आयलीनं तिला शेजारी खुर्ची दिली आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला. तो मळकट होता, पण त्यात होदान होती, काळीसावळी, नाकडोळे स्पष्ट. आयलीचे कान तापले.

"कॅमेऱ्यानं नाही," ती म्हणाली. "हे मी केलंय."

सगळा फोटो उजळला तर बर्फात काहीच दिसेना आणि जर्सी धुऊन विटल्यासारखी झाली. मग तिनं फक्त होदानच्या चेहऱ्याभोवती रेघ ओढली आणि तेवढाच अंधार हळूहळू उचलला.

"अजून थोडं," सहरा म्हणाली. "अहो, एवढी गोरी नाही ती. मागे या."

दोघी हसल्या. डोळे उमटले, गाल उमटले, मग दाबून धरलेलं हसू.

"हां, हीच. हरल्यावरसुद्धा अशीच हसते कार्टी."

"चला, एक प्रत काढून दे त्यांना," वेंडेल म्हणाला.

"एक नाही. संघातल्या सगळ्यांना."

"फुकट?"

"मग काय, यांच्याकडून घेणार?"

वेंडेल पुटपुटत प्रिंटरमध्ये कागद भरायला गेला.

सोमवारी आयलीनं जुन्या वर्षांचे फोटो उघडले. असे चेहरे आणखी निघाले. बर्फ वितळेपर्यंत ती कामातून वेळ काढून ते दुरुस्त करत होती आणि घरोघरी फोन लावत होती. काहीजण गाव सोडून गेले होते. एकजण फोनवर हसलाच. "बाई, मी आता बाप झालोय."

तरी तो आला, लेकीला कडेवर घेऊन.