पंख्यासमोरची जागा

मी दोघींची एकुलती एक नणंद, त्यामुळे कागाळ्या माझ्याच कानावर. धाकटी वहिनी कधी कागाळी करत नाही, हा थोरलीच्या मते तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण.

थोरलीचं आयुष्य पालकात गेलं. या घरात आली आणि वाफे करायला शिकली, मग जुड्या बांधायला, मग त्या ओल्या गोणपाटात अशा जपायला, की आदल्या दिवशी काढलेला पालक बाजारात ताठ मानेनं बसायचा. शेजारच्या बायका आपल्या जुड्या घेऊन तिच्या दारात यायच्या. "ताई, तुमच्या हातानं भिजवून द्या." ती नको नको म्हणत बाह्या वर सारायची.

मग बाजाराच्या मागे सोलरवर चालणारी थंड खोली आली. ती चालवणार होता भाजीवाल्या बायकांचा गट. शिकायला कोण जातं, असं विचारल्यावर थोरली म्हणाली, "मला काय शिकवणार ते?" धाकटी गेली आणि परतली ती खोलीची किल्ली घेऊनच. थोरलीच्या दारातली वर्दळ आटली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. "कालपर्यंत हिला धड जुडी बांधता येत नव्हती," मला म्हणायची. "आता बायका हिला विचारतात, भाजी कुठे ठेवू म्हणून."

सगळ्यात सलायचे ते पाण्याचे कॅन. खोलीत शिरलं की समोर पंखा, आणि त्याच्या अगदी तोंडाशी धाकटीनं मांडलेले कॅन. ऊन असेपर्यंत त्या पाण्याचा बर्फ होतो आणि रात्री तोच खोली गार ठेवतो, हे धाकटीनं सगळ्यांना समजावलं होतं. थोरलीनं ते ऐकलं नव्हतं, कारण सांगणारी धाकटी होती. "आमचा पालक कोपऱ्यात आणि हिचं पाणी मानाच्या जागी."

किल्ली पुढे कोणाकडे राहावी, हे ठरवायला एका दुपारी बायका जमणार होत्या. थोरलीला ती हवी होती. इतकी, की माझ्याशी ती दुसरं काही बोलेना. त्या सकाळी धाकटी छपरावर पॅनेलं पुसत होती. थोरलीनं कॅन बाजूला सारले, आपल्या पालकाचे क्रेट पंख्यासमोर मांडले आणि सवयीनं वरून पाणी शिंपडलं. भरपूर शिंपडलं. येऊ देत बायका, बघू देत पालक कसा असतो ते.

दुपारी सगळ्यांसमोर दार उघडलं. पालक काचेसारखा कडक झाला होता. एकीनं जुडी उचलली तर पानं कडाकडा मोडली. बाहेर नेताच काळवंडून गळाली. थोरलीकडे बघवेना.

"इथे कोणी ठेवला हा?" गटाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

धाकटीनं बाजूला गेलेल्या कॅनकडे पाहिलं, ओल्या क्रेटकडे पाहिलं, आणि तिला काय ते कळलं.

"मीच," ती म्हणाली. "झाडताना क्रेट सरकवले, परत जागेवर ठेवायचे राहिले. जाऊबाई, तुमचं नुकसान केलं मी."

बायका कुजबुजल्या. इतकी बेफिकिरी बरी नाही, असं ठरलं आणि किल्ली थोरलीच्या हातात आली.

घरी येताना थोरली पुन्हा पुन्हा मागे वळून खोलीकडे बघत होती. मला वाटलं, विरघळली. कसली विरघळते! दारात चपला काढता काढता म्हणाली, "बघितलंस? चूक माझी होती. तेवढी एक तरी माझी होती. तीसुद्धा घेतली तिनं."

"मग किल्ली परत देऊन टाक."

"का म्हणून देतेस, असं विचारतील ना सगळ्या."

"खरं ते सांग."

"म्हणजे ती आणखी मोठी होईल," थोरली म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. किल्ली तिच्या मुठीत होती. ती तिला सोडवतही नव्हती आणि धरवतही नव्हती.